रिकामा करून देतो

“फ्लॅट रिकामा करून देतो सर, त्याचं टेन्शन घेऊ नका,” एजंट म्हणाला तेव्हा आम्ही वाकडमधल्या एका टू बीएचकेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. ज्यांच्याकडून तो रिकामा करून घ्यायचा होता त्या ताई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. बाल्कनीत स्टीलचे बारा डबे धुऊन पालथे घातले होते. ताई डबे करून द्यायच्या, त्यांचे मिस्टर भोसरीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, मुलगी दहावीत होती. एजंटने बेडरूममधलं कपाट उघडलं, त्यांचे कपडे हाताने बाजूला सारले आणि मागची भिंत दाखवली. “बघा, ओल कुठेच नाही.” मी भिंत बघितली आणि म्हणालो, “हो, रिकामाच हवा.”

हे बोलायला मला एक सेकंदही लागला नाही. दीड वर्षापूर्वी बर्लिनमध्ये हीच गोष्ट मला सांगणारं पत्र आलं होतं, तेव्हा मात्र मी रात्रभर झोपलो नव्हतो.

नोकरीसाठी मी २०२० मध्ये बर्लिनला गेलो आणि चार वर्षं राहिलो. त्या काळात त्या शहरात घरभाडं सोडून दुसरा विषय नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये शहराने भाड्यांवर कमाल मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि बऱ्याच भाडेकरूंना वाचलेला फरक परत भरावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं. ३,००० पेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत, या बाजूने सुमारे ५९ टक्के मतं पडली. हा कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. मी परदेशी, त्यामुळे मला मतही नव्हतं. ऑफिसात जर्मन सहकारी तावातावाने वाद घालायचे आणि मी कॉफी पीत ऐकायचो. आपण काही इथे कायमचे नाही, असं वाटायचं.

माझी मालकीण म्हणजे एक वयस्कर बाई. किल्ली देताना म्हणाल्या होत्या, हवं तितके दिवस राहा. तीन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. मुलगी बर्लिनला राहायला येते आहे, घर तिला हवं आहे, तीन महिन्यांत सोडा. जर्मनीत मालकाला उगीच भाडेकरू काढता येत नाही, लेखी कारण द्यावं लागतं. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहायला घर हवं असणं हे त्यातलं मान्य कारण. त्यांची मुलगी खरंच येत होती. पाच वर्षांच्या आतला भाडेकरू असल्यामुळे मुदत तीनच महिने होती. सगळं कायद्याने बरोबर होतं. पुढचे तीन महिने संध्याकाळी पगाराच्या स्लिपा घेऊन मी अनोळखी इमारतींच्या जिन्यात चाळीस-चाळीस लोकांच्या रांगेत उभा राहिलो. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली मिळाली.

आता इतक्या दिवसांनी त्या पत्रातल्या दोनच गोष्टी लक्षात राहिल्यात. मला कारण सांगितलं होतं, आणि थोडा का होईना, वेळ दिला होता.

२०२४ मध्ये परत आलो. एनआरई खात्यात साठलेले पैसे होते. ते खातं आता निवासी खात्यात बदलून घ्यायचं होतं आणि पैशाचं काय करायचं हा प्रश्न होता. काकांचं म्हणणं, मुळशीला जमीन घे. पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि निवासी झालो तरी महाराष्ट्रात त्यासाठी आधी शेतकरी असावं लागतं. बाबा म्हणाले, “फ्लॅट घे, भाड्याने दे. तुझं वय आहे कर्ज फेडायचं.”

मी इंजिनिअर, म्हणून एक्सेल शीट केली. फ्लॅट ७२ लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, म्हणजे पदरचे १४ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे आणखी पाच लाखांच्या वर, आणि नोंदणीचे ३० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ईएमआय सुमारे ५० हजार. आणि ताई भाडं देत होत्या २१ हजार. म्हणजे वर्षाला किमतीच्या साडेतीन टक्के.

तुम्हीही परत यायच्या आणि अशा गुंतवणुकीच्या विचारात असाल, तर हा आकडा आधी मांडून बघा. भाड्याने ईएमआय फिटत नाही, निम्माही नाही. सगळी भिस्त भाव वाढण्यावर असते. आणि भाव माझ्या कर्तबगारीने वाढत नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचे खांब मी उभे केलेले नाहीत. त्या भागात नोकऱ्या, शाळा, रस्ते, पाणी आणणारे लोक वेगळे आहेत. हेन्री जॉर्ज या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. जमिनीची किंमत समाज वाढवतो आणि फायदा मालकाच्या खिशात जातो, म्हणून कर जमिनीच्या किमतीवर लावावा, असं त्याचं म्हणणं. मी शीट बंद केली नाही. फक्त ‘अपेक्षित वाढ’ या रकान्याकडे बघताना थोडं अवघडल्यासारखं झालं, इतकंच.

एजंट म्हणाला, नवीन पार्टी २७ हजार सहज देईल. फरक महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार. ७२ लाखांवर बरोबर एक टक्का. ताईंच्या करारात चार महिने उरले होते. तो संपला की सगळं सोपं होतं.

किती सोपं, ते मी नंतर वाचलं. आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असतो. कितीतरी वर्षं मला तो ‘लिव्ह’ म्हणजे राहणं वाटायचा. तो ‘लीव्ह’ आहे, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, परवानगी. राहणाऱ्याला घरात कसलाही हक्क मिळत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट दराने भरपाई लागते. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने मालमत्ता विकली, तर नवा मालक त्या परवानगीला बांधलेला नसतो. जर्मनीत याच्या उलट आहे. घर विकलं तरी भाडेकरार तसाच नव्या मालकाकडे जातो. तिथे मी होतो, म्हणून मला कारण मिळालं. वाकडमध्ये मालक मी होणार होतो, आणि कारण द्यायची मला गरजच नव्हती.

इथे कुणालाही वाटेल की मी आता भाडेकरूंच्या हक्कांचा झेंडा हातात घेणार. ते मला जमत नाही, आणि त्याचं कारण माझ्याच घरात आहे.

आजोबा पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहायचे. शेवटपर्यंत भाडं महिना २२ रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली होती, बऱ्याच ठिकाणी १९४० च्या पातळीवर. मालकांचं कुटुंब वाड्याच्या पुढच्या भागात राहायचं. आजी सांगायची, आमच्यापेक्षा त्यांची ओढाताण जास्त होती. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली, डागडुजीला त्यांच्याकडे पैसे नव्हते. नऊ भाडेकरूंचं मिळून भाडं येणार किती? पुढे आजोबांनी कोथरूडला स्वतःचं घर घेतलं, पण वाड्यातल्या दोन खोल्यांना कुलूप लावून ठेवलं. बिल्डर कधीतरी येणार आणि खोल्या सोडायचे पैसे देणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तो आला. त्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची पहिल्या दोन वर्षांची फी भरली गेली.

म्हणजे कायदा भाडेकरूच्या बाजूने झुकला होता तेव्हा आम्ही भाडेकरू होतो. तो मालकाच्या बाजूने झुकला तेव्हा मी मालक व्हायला निघालो होतो. दोन्ही वेळा आम्ही कायदेशीर होतो, आणि दोन्ही वेळा समोरच्याचं काय होतंय हे आम्हाला दिसत होतं.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, तू नाही घेतलास तर दुसरा कुणीतरी घेईल आणि २८ लावेल. बाजारभावाने भाडं घेण्यात अनैतिक काय?” काहीच नाही. बाजारभाव घेणं पाप आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण इंडेक्स फंड खाली आला तर झोप माझी उडते. फ्लॅटच्या गुंतवणुकीत मला जी मोकळीक हवी असते, म्हणजे हवं तेव्हा विकता येणं आणि हवं तेव्हा भाडं वाढवता येणं, तिची किंमत दुसरं कुणीतरी अनिश्चिततेत जगून देत असतं. ती माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हती.

टोकन दिल्यानंतर पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. नंबर एजंटकडून घेतला होता. “दादा, परीक्षा मार्चमध्ये संपते. तेवढं थांबता आलं तर बघा. नाहीच जमलं तर आमचं आम्ही बघू.” आवाजात विनवणी नव्हती, हिशेब होता. त्यांनी खोल्या बघायला सुरुवात केली होती. डबेवाल्यांना डिसेंबरनंतर जमणार नाही असं सांगूनही टाकलं होतं. बारांपैकी पाच जणांनी दुसरीकडे डबा लावला होता. म्हणजे माझं ‘रिकामाच हवा’ पंधरा दिवस त्या घरात फिरत होतं, आणि मी तोवर व्याजदरांची तुलना करत होतो.

मी त्यांना म्हणालो, “बघतो.” हे उत्तर किती वाईट असतं ते मला बर्लिनमध्ये कळलं होतं. तरी तेच दिलं. आणखी चार दिवस घेतले.

शेवटी फ्लॅट घेतला आणि ताईंना राहू दिलं. करार अकरा महिन्यांचाच करावा असा नियम नाही, साठ महिन्यांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स नोंदवता येतो. आम्ही ३६ महिन्यांचा केला. भाडं २३ हजार, वर्षाला पाच टक्के वाढ. मी त्यात एक कलम घातलं. मालकाला मुदतीआधी घर हवं असेल, तर सहा महिन्यांची लेखी सूचना आणि लेखी कारण. एजंट हसला. “सर, असं कुणी लिहीत नाही.” बाबांना मी सांगितलं, दलाली वाचते आणि दोन महिने घर रिकामं राहिलं तर ५४ हजार जातात. हे खोटं नव्हतं. पण मी ज्यासाठी केलं ते हे नव्हतं, आणि ते बाबांना सांगायची मला लाज का वाटली, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. बहुधा पैशाच्या बाबतीत भाबडा ठरायची भीती.

यात मी फार काही सोडलेलं नाही. पहिल्या वर्षी महिन्याला चार हजार. एक टक्काही नाही. गेलेले पाच डबे काही परत आले नाहीत, त्याची भरपाई या चार हजारांत होते की नाही, तो हिशेब मी करत नाही. आणि कायदा कसा असावा याचं उत्तरही माझ्याकडे नाही. बावीस रुपयांचा वाडा मी ऐकलेला आहे. मला एवढंच वाटतं, की ज्याच्या घराचे मालक आपण होतो त्याला निदान दोन गोष्टी देणं लागतो, कारण आणि वेळ. कायदा त्या मागत नसेल तर आपण लिहून द्याव्यात. आणि लिहून देण्याआधी त्या आपल्याला किती रुपयांना पडतात ते शीटमध्ये मांडावं, म्हणजे नंतर उपकार केल्याचा आव आणता येत नाही.

नोंदणीच्या दिवशी बोटांचे ठसे देऊन झाल्यावर ताईंनी करार पुन्हा एकदा वाचला. त्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे चांगलं आहे. पण दादा, तुम्ही विकलात तर?”

कलम ५९. नवा मालक माझ्या शब्दाला बांधलेला नसेल. नोकरी गेली तर ५० हजारांचा ईएमआय मी किती महिने भरू शकेन, हेही मला माहीत होतं. ‘विकणार नाही’ असं तोंडावर आलं होतं. मग ‘हवं तितके दिवस राहा’ म्हणणाऱ्या बर्लिनच्या त्या बाई आठवल्या.

“विकायची वेळ आली,” मी म्हणालो, “तर एजंटच्या आधी तुम्हाला सांगेन.”

त्यांनी मान हलवली आणि करार पिशवीत ठेवला. एवढा शब्द तरी माझ्या हातात आहे.