बेचाळीस सेकंदांत मावलेला पोरगा

व्हिडिओ बेचाळीस सेकंदांचा होता. मूळ शूटिंग एक तास दहा मिनिटांचं. मधला सगळा वेळ मी माझ्या हातानं कापला, त्याबद्दल हे लिहितोय.

जागा म्हणजे धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचं मैदान. एका बाजूला शाळेची पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला सातपुड्याचा उतार. माझा मावसभाऊ तिथे शिक्षक आहे. शिकवतो गणित, पण खेळाचा तासही त्याच्याच गळ्यात. त्याच्या नववीच्या वर्गात एक पोरगा होता. शेतात पाखरं हाकलायला लहानपणापासून गोफण फिरवलेली, त्यामुळे खांदा असा तयार झालेला की दादानं गंमत म्हणून बांबूची काठी टोक काढून त्याच्या हातात दिली आणि ती मैदान संपवून पलीकडच्या नाल्यात गेली. दादानं मला फोन केला. ‘तू कॉम्प्युटरवाला शे ना, मंग कर ना कायतरी.’

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा शहाद्याचा. खेळातलं मला शून्य कळतं. पण ‘कायतरी’ म्हणजे नेमकं काय, हे मला अगदी त्याच आठवड्यात समजलं होतं. आमच्या टीमचा लीड न्यू जर्सीत असतो, मराठीच आहे. त्याचा मुलगा तिकडे हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो. कॉल सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत आम्ही त्याच्याकडून एकच विषय ऐकतो: कॉलेजच्या कोचनं मुलाला बघावं म्हणून काय काय करावं लागतं. शनिवार-रविवारी पैसे भरून शोकेसला न्यायचं. चेंडूचा वेग रडार गनवर मोजून घ्यायचा, साठ यार्डांची धाव घड्याळावर लावायची, मग एक छोटा व्हिडिओ करायचा आणि तो कोचना ईमेलनं पाठवत राहायचं. सगळ्यात भारी फेक पहिल्या काही सेकंदांत हवी, कारण पुढचं कोणी बघत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर तिथल्या सर्वोच्च डिव्हिजनमध्येसुद्धा २०२५ पर्यंत एका कॉलेजच्या अख्ख्या बेसबॉल टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या. दशांश चिन्हासकट! त्या बऱ्याच जणांत वाटायच्या. आम्ही हसायचो. पण मी मनात नोंद करून ठेवली होती: व्हिडिओ छोटा, भारी फेक आधी.

गणपतीच्या सुट्टीत मी धडगावला गेलो. मुख्याध्यापकांची परवानगी दादानं घेतली, बापाला निरोप धाडला. पोराला कोणी विचारलं नाही. त्यानं नाही म्हटलं नसतं हे खरं, पण विचारलं नाही हेही खरं.

त्यानं तीसेक फेकी केल्या. बऱ्याचशा वाकड्या गेल्या. काही काठ्या आडव्या पडल्या, एक तर शेडवर आपटली आणि आतल्या पोरी किंचाळल्या. चार फेकी मात्र अशा होत्या की बघताना माझ्या मानेवर काटा आला. मी त्या चार घेतल्या. मैदान लांब वाटावं म्हणून मोबाईल जमिनीलगत ठेवून काढलेले शॉट निवडले. सोडण्याचा क्षण स्लो केला. मोबाईलवर नीट दिसावा म्हणून व्हिडिओ उभा कापला. अंतर कुठेच लिहिलं नाही, कारण टेप नव्हता. दादानं पावलं मोजली होती, पण दादाची पावलं म्हणजे काही प्रमाण नव्हे. एकही फ्रेम खोटी नव्हती. तरीही ते बेचाळीस सेकंद पाहून कोणालाही वाटलं असतं की हा पोरगा नेहमी असाच फेकतो.

हे खोटं बोलणं होतं का? मी तेव्हा स्वतःला सारंगखेड्याची यात्रा आठवून दिली. लहानपणी आजोबा मला न्यायचे. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. विकणारा घोड्याला खरारा करून, सजवून, नाचवून दाखवतो. घेणारा दात बघतो, पाय दाबतो, अंगावरचे भोवरे मोजतो. विकणारा चांगलंच दाखवणार, हे घेणाऱ्याला माहीत असतं. त्यामुळे फसवणूक होत नाही, झाली तर तो दोघांचा खेळ. माझाही व्हिडिओ तसाच, असं मी म्हटलं. पुढे बघणारा कोच आहे, त्याला कळत नसेल का?

या युक्तिवादातली चूक मला दोन महिन्यांनी कळली. बाजारात घोड्याला काही वाटत नसतं. आपण विकले गेलो नाही म्हणून घोडा परतीच्या वाटेवर गप्प बसत नाही.

व्हिडिओ पोचला. एका निवासी प्रशिक्षण केंद्रातून दादाला फोन आला, पोराला चाचणीला घेऊन या. शाळेत पेढे वाटले गेले. दादा आणि तो एसटीनं गेले, बापानं कोंबडी विकून पैसे दिले. तिथे त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा खरा भाला आला. त्याच्या वयोगटाचा भाला सातशे ग्रॅमचा असतो. धावपट्टी सिंथेटिक, आणि त्यावर हा अनवाणी. सहा संधी दिल्या. दोन फाऊल, बाकीच्यांत भाला डगमगत जवळच पडला. तिथले सर चांगले होते, ओरडले वगैरे नाहीत. फक्त एकानं मोबाईल काढून माझा व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि विचारलं, ‘हाच का तो?’

परत आल्यावर दादानं पोराकडे फोन दिला. मी काहीतरी धीराचं बोललो. त्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सर, त्या व्हिडिओत माझे वाकडे गेलेले कुठे गेले?’

मला वाटतं तो तक्रार करत नव्हता. तो व्हिडिओ त्यानं शाळेतल्या सगळ्यांसोबत इतक्यांदा पाहिला होता की आपण तसेच आहोत हे त्यालाही पटलं होतं. मी कोचला फसवलं असेन-नसेन, पण पोराला नक्की फसवलं होतं.

ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, अरे निदान संधी तर मिळाली. व्हिडिओ केला नसतास तर तेही नाही. हे खोडून काढणं अवघड आहे. आपल्याकडे कळकळीनं शोधणारी यंत्रणाच नाही, असंही नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडताना चाचण्यांची एक मालिकाच असते: उंची, वजन, तीस मीटर धाव, शटल रन, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक, आठशे मीटर. त्यामागचा विचार मला आवडतो. मुलाला आज काय येतं यापेक्षा त्याच्या अंगात काय आहे ते बघायचं. पण त्या चाचणीच्या रांगेपर्यंत पोचायला कोणीतरी आधी बोट दाखवावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकली, ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिच्या मागे विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक होते. पानिपतच्या स्टेडियमवर जयवीर नावाच्या भालाफेकपटूनं एका गुबगुबीत मुलाला सहज भाला फेकून बघायला सांगितलं, म्हणून पुढे ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर झाले.

पारखी नजरेच्या या गोष्टी आपल्याला फार आवडतात. मलाही. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून यातली एक गोष्ट मला खटकते. कोणतीही निवड करणारी व्यवस्था दोन प्रकारे चुकते. नको त्याला घेते किंवा हवा त्याला सोडते. पहिली चूक डोळ्यांपुढे राहते. घेतलेला पोरगा चालला नाही, की फाइलमध्ये शेरा पडतो, माझ्यासारख्याला अपराधी वाटतं, त्यावर लेख लिहिला जातो. दुसऱ्या चुकीचा लॉगच तयार होत नाही. सोडलेला पोरगा आपल्या गावी मका खुरपत असतो आणि आपण काय सोडलं हे कधी कोणाला कळत नाही. म्हणून या चुकीबद्दल कोणालाच वाईट वाटत नाही. नीरजच्या शेजारी त्या संध्याकाळी दुसरा कोणी उभा होता का, हा प्रश्नच आपल्या डोक्यात येत नाही.

२००८ साली एका अमेरिकन एजंटानं भारतात चेंडूफेकीची स्पर्धा भरवली होती, ‘मिलियन डॉलर आर्म’. ताशी ८७ मैल वेगानं फेकून उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग जिंकला. त्याच्यासोबत दिनेश पटेल निवडला गेला. दोघेही मूळचे भालाफेकवाले, बेसबॉल माहीतही नसलेले. दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केलं, २०१४ मध्ये सिनेमा आला. दिनेशला २०१० मध्येच सोडून दिलं. रिंकू बरीच वर्षं खालच्या लीगमध्ये राहिला आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला. हे यश की अपयश, मला ठरवता येत नाही. पण त्या स्पर्धेत देशभरातली हजारो पोरं फेकून गेली. त्यांच्या बाजूनं गोष्ट सांगायला काही शिल्लकच नाही.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात म्हटलंय की अंगची गुणवत्ता ही कोणाची कमाई नसते, ती एक प्रकारची सोडत असते. मान्य. पण आमच्या जिल्ह्यातून बघितलं तर सोडती दोन आहेत. खांदा मिळणं ही पहिली. तो खांदा कोणाच्यातरी नजरेस पडणं ही दुसरी, आणि ती पहिलीहून जास्त भरवशाची नाही.

आणि नजरेस पडलं की भलंच होतं असंही कुठे आहे. धडगावकडे एकलव्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतात, सरकारनंही निवासी शाळांना तेच नाव दिलंय. त्याची गोष्ट आपण अंगठ्यापासून सांगतो. मला हल्ली कुत्रा आठवतो. एकलव्य जंगलात एकटा शिकत होता तोवर सगळं ठीक होतं. पांडवांचा कुत्रा भुंकला, यानं त्याचं तोंड बाणांनी भरलं, आणि तो कुत्रा जाऊन पांडवांपुढे उभा राहिला. तोच त्याचा व्हिडिओ. दिसला म्हणून अंगठा गेला. द्रोणाला गुणवत्ता ओळखता आली नाही असं कोणी म्हणू शकत नाही. त्यानं ती एका नजरेत ओळखली.

नोंद होणं आणि दिसणं यातही फरक आहे, आणि तो आमच्या जिल्ह्याला जरा जास्त ठाऊक आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड माझ्याच तालुक्यात, टेंभलीत, रंजना सोनवणे यांना २९ सप्टेंबर २०१० ला मिळालं. पंतप्रधान आले होते. मी तेव्हा शाळेत होतो, हेलिकॉप्टर बघायला आम्ही गच्चीवर चढलो होतो. नंतर वर्षानुवर्षं पत्रकार टेंभलीला जात राहिले आणि त्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला नाही, अशा बातम्या येत राहिल्या. देशात सगळ्यात आधी ज्या बाईला नंबर मिळाला, त्या बाईचं हे.

आता जे सांगायचं राहिलंय ते.

संक्रांतीच्या सुमारास मोबाईलची जागा भरली म्हणून मी मूळ शूटिंग डिलीट करायला घेतलं. पोराचा तो प्रश्न डोक्यात होता, म्हणून आधी वाकडे गेलेले सगळे पुन्हा पाहिले. या वेळी आडव्या फ्रेममध्ये, न कापलेले. प्रत्येक फेकीनंतर काही वेळानं काठी परत येते. शूटिंग करताना मी गृहीत धरलं होतं की कोणीतरी ती धावत आणून देतंय. तसं नव्हतं. काठी हवेतून येत होती. डाव्या कोपऱ्यातून फ्रेममध्ये शिरायची आणि पोराच्या पायापासून चार-पाच हातांवर रुतायची. अकरा वेळा. अकराही वेळा सरळ.

पलीकडच्या टोकाला एक मुलगी उभी आहे. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, चेहरा दिसत नाही इतकी लांब. उभा व्हिडिओ कापताना ती बेचाळीसच्या बेचाळीस सेकंदांतून आपोआप बाहेर गेली होती. मला तिला कापावंही लागलं नाही.

फार चढवून सांगत नाही. काठी फेकण्याआधी ती पुढे चालत येत असेल, काही वेळा तसं दिसतं. झेंड्याच्या खांबाची उंची धरून अंतर काढायचा मी प्रयत्न केला, पण कोन इतका विचित्र आहे की उत्तर दर वेळी वेगळं येतं. कदाचित त्यात काहीच नसेल.

दादाला फोन केला. त्याला आठवायला वेळ लागला. ‘ती होय! ती आपली काठी परत द्यायला उभी केली होती. आठवीतली.’ मग म्हणाला, ती दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, लहान भावाला सांभाळायला तिला सोबत नेलं. गावात विचारून सांगतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: होळीला येतात ते लोक, होळी चुकवत नाहीत.

मी होळीची रजा टाकलीय. पन्नास मीटरचा टेप घेतलाय, आणि पुण्यातल्या एका दुकानातून मुलींच्या वयोगटाचा पाचशे ग्रॅमचा भालाही. पोराचा सातशेचा वेगळा घेतला, तो त्याला असाच द्यायचाय, चाचणीबिचणी नाही. मोबाईल बाहेर काढायचा की नाही ते अजून ठरत नाही. दादा म्हणतो, आधी तिला विचारू.