रहम आणि इन्साफ

कुपवाडच्या ज्या उर्दू शाळेत मी शिकवते, तिथे तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. जन्मापासून अंध. वडील एमआयडीसीत कामाला. मी तिला माझ्या खुर्चीजवळ बसवायचे. इमला, म्हणजे शुद्धलेखन, तिला माफ. तोंडी दोन प्रश्न विचारले की ती पास. मी फार रहमदिल आहे, असे मला वाटायचे.

एके दिवशी इमल्याच्या वह्या तपासून परत देत होते. कुणाच्या चार चुका, कुणाच्या नऊ. ती मध्येच म्हणाली, "टीचर, मेरे कितने गलत?"

काय सांगणार? जिला कधी लिहायलाच दिले नाही, तिची चूक कुठून निघणार? बाकीच्यांना मी शिकवत होते. तिला फक्त सांभाळत होते.

त्या रात्री सूरह अबस आठवली. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम तिथे आले. ते अंध होते. त्यांच्याकडे लक्ष न दिल्याबद्दल अल्लाहने टोकले. अंधांवर दया करावी म्हणून आपण हा प्रसंग सांगतो. पण ते दया मागायला आलेच नव्हते. शिकायला आले होते. पुढे ते मदीनेत मुअज्जिन झाले. पैगंबर (स.) मोहिमेवर गेले असता शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवल्याचे सीरतमध्ये येते. ज्याच्यावर जबाबदारी टाकतात, त्याच्याकडून हिशेबही घेतात. खरी इज्जत ती.

मग मीच ब्रेल शिकायला बसले. पाटीवर ठिपके टोचताना उजवीकडून डावीकडे जायचे, आपल्या उर्दूसारखे. कागद उलटून वाचायचे मात्र डावीकडून उजवीकडे, मराठीसारखे. भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारले गेले. त्यात मराठीचा 'ब' आणि उर्दूची 'बे' एकच : डाव्या बाजूचे वरचे दोन ठिपके. आपण ज्या लिप्यांवरून भांडतो, त्या बोटांना सारख्याच लागतात.

२०१६ च्या कायद्याने किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायद्याने बाक मिळतो. त्या बाकावरची वही तपासायची की नाही, हे शिक्षकाची नियत ठरवते.

कुणी म्हणेल, आधीच त्या लेकराला त्रास, त्यात आणखी कशाला? मी म्हणते, वेळ जास्त द्यावा. प्रश्न कमी करू नयेत. जो रहम मुलाकडून काहीच अपेक्षा ठेवत नाही, तो इन्साफ नाही.

पहिल्या ब्रेल इमल्यात तिचे वीसपैकी अकरा शब्द चुकले. मी आकडा सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली, मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "तेरे कितने?"