त्याला कुठे राहायचे आहे?

आई लांज्याला माहेरी, वडील मुंबईत नोकरीला आणि मधे दहावीतला मुलगा. ताब्याचा वाद न्यायालयात गेला, तर अर्ज कुठे करायचा हे मूल एरवी राहते कुठे यावर ठरते. मुलगा लांज्यात राहत असेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात. पण त्याला स्वतःला कुठे राहायचे आहे, हे कोण विचारणार?

एके काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. बापाचा हक्क पहिला. 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाने कलम 17 मध्ये दार किलकिले केले. समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. सक्ती नाही, वयाचा आकडाही नाही.

या तरतुदीचे मोल तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या खटल्यात दिसले. वडील नारायणय्यांनी 1912 साली मुलांना सांभाळणाऱ्या थिऑसॉफिस्ट अ‍ॅनी बेझंट यांच्याविरुद्ध ताब्यासाठी दावा लावला, तेव्हा कृष्णमूर्ती 17 वर्षांचे होते आणि धाकट्या भावासह इंग्लंडमध्ये शिकत होते. मद्रास उच्च न्यायालयाने मुले वडिलांना परत द्यायला सांगितले. 1914 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ज्यांच्या आयुष्याचा फैसला होत होता, त्या मुलांची बाजू मांडलीच गेली नव्हती, हे त्यामागचे एक कारण.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. मग हित आणि पसंती वेगळ्या दिशांना गेल्या तर? हा पेच हिंदू कायद्यापुरता नाही. मुंबईतल्या एका पारशी दांपत्याच्या वादात शाळकरी मुलीचा ओढा वडिलांकडे होता. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेवर निकाल सोपवला नाही. ताबा आईला दिला. मुलाच्या तोंडून मोठ्यांपैकीच कुणी बोलत असू शकते, ही शंका रास्त आहे. पण त्या शंकेच्या आधारे विचारायचेच टाळणे हा अन्याय आहे. न्यायाधीशांनी चेंबरमध्ये, आईवडिलांच्या नजरेआड, मुलाशी सावकाश बोलावे. ‘कोण हवे’ यापेक्षा ‘शाळा, मित्र, आजी यांचे काय’ असे विचारले, तर पंधरा वर्षांचा मुलगा मोकळा होतो. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम 12 हेच मागते: मुलाला ऐकून घ्या आणि वय, समज पाहून त्याच्या मताला वजन द्या.

या बोलण्यावर पैशाचे सावट नको. मूल ज्याच्याकडे राहील त्याला दुसऱ्याने खर्च द्यायचा, म्हणून मुलाच्या उत्तराला घरात किंमत चिकटते. त्यात हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखाली मुलाचा खर्चाचा हक्क तो अज्ञान असेपर्यंतच. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला तो पुढेही मिळतो. म्हणजे बारावीच्या सुमारास, कॉलेजची फी समोर येते तेव्हाच, मुलाचा आधार सुटतो. तडजोड होत असेल, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च कोण देणार, हे वकिलांनी संमतीच्या अटींतच लिहून घ्यावे. तेही मुलाला त्याची पसंती विचारण्याआधी.