पाहिलं आणि ऐकलं

घाटंजीत एक जमादार राहत. शिपाई म्हणून भरती झाले, अकोल्याच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडले आणि यवतमाळ जिल्ह्यातली ठाणी पालथी घालत श्रेणी फौजदारापर्यंत पोचले. खांद्यावर दोन तारे आले, तरी गाव त्यांना जमादारच म्हणायचं. वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली तसा निरोपाचा हार गळ्यात पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली.

बहुतेकांचं काम एकच असे. "काकाजी, ठाण्यात एक फोन लावून द्या ना. तुमचं कोन ऐकत नाही?" खात्यातून बाहेर पडलेल्या माणसाची किंमत लोक अशीच मोजतात: त्याची ओळख अजून किती चालते यावर. जमादार फोन लावत नसत. आलेल्याला बसवत, पाणी देत आणि कोरा कागद पुढे करत. "अर्ज लिहा. तारीख टाका, वेळ टाका, काय झालं ते टाका. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. गुन्हा दाखल झाला तर त्याची नक्कल फुकट भेटते, ते मागून घ्या." काहींना हे पटे, पुष्कळांना पटत नसे.

निवृत्तीनंतर पोलीस अधिकाऱ्याने काय करावं, याची मोठी उदाहरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत. ज्युलिओ रिबेरो मुंबईचे पोलीस आयुक्त होते, पंजाबात महासंचालक आणि राज्यपालांचे सल्लागार झाले, पुढे रुमानियात राजदूत म्हणून गेले. मुंबईत १९९२-९३ च्या दंगली झाल्यावर मोहल्ला कमिट्यांच्या कामात तेच रिबेरो वस्त्यावस्त्यांतून बसलेले दिसले. डी. शिवानंदन राज्याचे पोलीस महासंचालक म्हणून निवृत्त झाले आणि पुढे व्याख्यानं, सुरक्षेचा सल्ला, रोटी बँक अशा कामांत रमले. पण ही वरच्या पायरीवरची माणसं. खात्याचा खरा पसारा शिपाई, हवालदार आणि फौजदारांचा. आयुष्यभर पंचनामे लिहिलेला, मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची प्रकरणं हाताळलेला, तालुक्यातली प्रत्येक पांदण ठाऊक असलेला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्यापुढे नागपूरच्या एखाद्या कंपनीतली सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्ची तरी असते, नाहीतर घरची ओसरी. त्याच्याजवळ काय साठलं आहे हे त्याला कुणी विचारतच नाही. मला ही फार मोठी नासाडी वाटते.

जमादारांनी ओसरी धरली नाही. सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं जमत, तिथे ते जायला लागले. पोरांना त्यांच्याकडून पळणं आणि गोळा हवा होता. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. जमादार ते सगळं करून घेत. पण पोरगं फेरी संपवून, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभं राहिलं, की ते जवळ जाऊन विचारत, "कुंपणापाशी कोन उभं होतं? अंगात कोणत्या रंगाचं होतं? हातात काय होतं?" पोरं वैतागत. लेखीला गणित येतं, बुद्धिमत्ता येते, मराठी व्याकरण येतं, सामान्य ज्ञान येतं; कुंपणापाशी कोण उभं होतं, हे येत नाही.

पळणं झालं की वही निघे. पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. समोरच्या चहाच्या टपरीकडे बघून अर्धं पान भरायचं. जमादार लाल पेन्सिल घेऊन बसत. एका पोराने डाव्या बाजूला लिहिलं, 'टपरीवाला चिडलेला होता.' जमादारांनी त्याखाली रेघ ओढली. "चिडला हे तुले कसं दिसलं? त्यानं गिलास आदळला, ते दिसलं ना? मंग गिलास लिही. चिडला की नाही, ते कोर्ट पाहीन." 'बहुतेक', 'असावा', 'वाटतं' हे शब्द डावीकडे दिसले की पान परत.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा या निवृत्त माणसाने पुस्तक विकत आणलं आणि शाळकरी पोरासारखं अभ्यासलं. जुनं कलम ३०२ आता १०३, जुनं ४२० आता ३१८, मर्गाचं १७४ आता १९४. असा तक्ता करून त्यांनी भिंतीवर लावला. जप्ती करताना चित्रीकरण करावं लागतं, हे मोबाइल हातात धरून पोरांना करून दाखवलं. नोकरीत असलेले तरुण शिपाईसुद्धा सुट्टीच्या दिवशी तो तक्ता उतरवून न्यायला येत. पगार बंद झाल्यावर माणूस नवा कायदा शिकतो, याचं त्यांना नवल वाटे.

त्या मैदानावरची एक मुलगी भरती झाली. शेतमजुराची लेक, ८०० मीटरला पहिली यायची आणि वहीची डावी बाजू तिची सगळ्यांत भरलेली असायची. प्रशिक्षण संपवून ती जिल्ह्यातल्याच एका ठाण्यात रुजू झाली.

पोळा झाल्यावर कपाशी डोक्याला लागते, पानं ओली असतात, हवा कोंदट असते आणि फवारणीचा जोर असतो. २०१७ साली याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दवाखान्याचे वॉर्ड भरले, सरकारला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. ते वर्ष इथे कुणी विसरलेलं नाही. अशाच एका पोळ्यानंतर एक शेतकरी वावरात पडला, त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि रात्री तो गेला. दवाखान्याच्या कागदावर एवढंच आलं: विषबाधा.

गावात तोवर बोललं जाऊ लागलं होतं. बँकेचं कर्ज होतं, सावकाराचंही होतं, म्हणजे घेतलं असेल औषध. मेलेल्याचा भाऊ रात्रीच जमादारांकडे आला.

"काकाजी, ठाण्यात फोन लावा. फवारताना गेला, असंच लिहा म्हना. तुमचीच पोरगी हाय तिथं."

"म्हनूनच नाही लावत," जमादार म्हणाले. "मी वावर पायलं नाही. तू पायलं काय?"

"मी गेलो तवा तो पडलेला होता."

"मंग तेवढंच सांग. अन् आता ऐक. पंपाले हात लावू नको. डब्बे, बाटल्या जिथं हायत तिथंच राहू दे. त्याचे कपडे दवाखान्यानं ठेवले काय, इचार. भेटले तर धुऊ नको. कृषी केंद्राचं बिल शोध. सातबारा काढून ठेव. अपघात निघाला तर शेतकरी अपघाताच्या मुंडे योजनेत दोन लाख हायत, पन तीस दिवसांत कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज गेला पायजे. त्यानं स्वतः घेतलं असं निघालं तर ते दोन लाख नाही. मंग कर्जाचे कागद लागतीन, तहसीलमधून जिल्हा समितीपुढे प्रकरण जाईन, पात्र ठरलं तर एक लाख. दोन्हीचे कागद तयार ठेव. काय झालं ते मी ठरवणार नाही."

भाऊ उठला. "रिटायर झाले अन् मानुसकीबी गेली," असं दारातून म्हणाला आणि गेला. पण त्याने पंपाला कुणाला हात लावू दिला नाही.

सकाळी घटनास्थळाचा पंचनामा करायला ठाण्यातले हवालदार आले. लिहायला ती पोरगी होती. पंच जमले, आणि जमलेल्यांतल्या एकाने आल्याआल्याच सांगून टाकलं की कर्जापायी झालं. हवालदारांनी सांगायला सुरुवात केली, "लिही, इसमाने विषारी औषध प्राशन..." पोरगी थांबली. "साहेब, आधी पंप पाहून घेऊ का?" हवालदार जुने होते, पण ताठर नव्हते. ते वळले.

पंप कडुनिंबाखाली धुऱ्यावर आडवा पडला होता. अर्धा भरलेला. झाकणाचं रबर फाटलेलं, आणि तिथून पाठीकडच्या बाजूला वाळलेला पांढरट ओघळ. दोन बाटल्या, दोन वेगळी औषधं, दोन्हींची झाकणं लावलेली. बादलीत ढवळायची काडी. कपाशीच्या तासात पानांवरचे डाग एका ठिकाणापर्यंत होते, पुढची पानं कोरी. झाडाला टांगलेली शिदोरी सोडलेली नव्हती. दवाखान्याने राखून ठेवलेला सदरा पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत डागाळलेला होता, तो नंतर वेगळा जप्त झाला. वावरातलं हे सगळं तिने लिहिलं, मोजून लिहिलं, चित्रीकरण केलं. कर्जाचं बोलणंही लिहिलं. कोण म्हणालं त्याच्या नावानिशी, ऐकीव म्हणून.

व्हिसेरा अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला. विष कोणतं, हे प्रयोगशाळा सांगते. ते तोंडावाटे गेलं की कातडीतून, याला पुष्कळदा वावरातली साक्ष लागते. ती साक्ष त्या पंचनाम्यात होती. मृत्यू फवारणीच्या विषबाधेने झाला असा निष्कर्ष निघाला आणि यथावकाश दोन लाख रुपये मेलेल्याच्या बायकोच्या खात्यात जमा झाले.

भाऊ पेढे घेऊन आला. "काकाजी, त्या राती नाही म्हनले, पन मागून फोन लावलाच ना तुमी?"

"नाही लावला."

"मंग?"

"तिनं पायलं ते लिहिलं. त्यानं घेतलं असतं तर तेबी तिनं लिहिलं असतं, अन् ते मी तुले वाचून दाखवलं असतं." त्यांनी एक पेढा घेतला आणि बाकीचे मैदानावरच्या पोरांसाठी ठेवायला सांगितलं.

दरवर्षी या राज्यात असे जमादार निवृत्त होतात. नाशिकच्या अकादमीत आणि प्रशिक्षण केंद्रांत कायदा शिकवला जातो. धुऱ्यावर आडवा पडलेला पंप कसा वाचायचा, हे ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं तो वाचला त्यांनीच शिकवावं. म्हणून ठाणेदारांना एक विनंती आहे. तुमच्या तालुक्यात असा माणूस असेल तर महिन्यातली एक सकाळ त्याला ठाण्यात बोलवा, योग्य मानधन द्या, नव्या शिपायांना त्याच्यासमोर वही घेऊन बसवा. आणि गावकऱ्यांनो, त्याच्या दारी फोनसाठी जाऊ नका. अर्ज कसा लिहायचा, ते विचारायला जा.