सहीच्या आधी

धमध्याजवळच्या आमच्या शेताचा खसरा, म्हणजे जमिनीची नोंद, माझ्या नावावर आहे, कसणारा दुसरा आहे. छत्तीसगढमध्ये या व्यवहाराला रेगहा म्हणतात. मालकाला ठरलेली रक्कम किंवा ठरलेलं धान द्यायचं, बाकी पीक कसणाऱ्याचं. भिलाईत पोलाद कारखान्याच्या नोकरीत आयुष्य काढून आसपास थोडी जमीन घेऊन ठेवलेल्या घरांना हे नवं नाही. माझे वडील भंडाऱ्याकडून इथे आले आणि सेक्टर ६ मध्ये राहिले. ही जमीन त्यांनीच घेतली. आता त्या गावात परंपरागत कृषी विकास योजनेचा गट उभा राहतो आहे. अर्जावर सही माझी लागते, कारण कागदावर शेतकरी मी आहे. पैसेही माझ्याच खात्यात येतील. सही करण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारणं भाग आहे.

अनुदान कशासाठी आहे, हे आधी समजून घेतलं पाहिजे. २०१५ साली सुरू झालेली ही योजना बोलते सेंद्रिय शेतीबद्दल, मातीबद्दल. माझ्या लेखी मात्र तिचा खरा लाभ पाण्याला आहे. भिलाई टाऊनशिपच्या नळाला येणारं पाणी तांदुळा आणि गंगरेल धरणांकडून कालव्यांनी मरोदा जलाशयात येतं, तिथून शुद्ध होऊन घरात. तांदुळा धरण १९२१ साली पुरं झालं ते धानाच्या ओलितासाठी. कारखाना नंतर आला आणि त्या पाण्यात वाटेकरी झाला. म्हणजे वरच्या गावांनी आपल्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या वाफ्यांतून, काय सोडलं आणि काय अडवलं, त्यावर माझ्या घरचं पाणी अवलंबून आहे. आणि माझ्या बांध्यांतून वाहिलेलं पाणी नाल्याने शिवनाथ नदीत, शिवनाथमधून महानदीत, पुढे हिराकूडपर्यंत जातं. महानदीच्या पाण्यासाठी २०१८ मध्ये लवाद नेमला गेला. भांडण किती पाणी कोणाचं, एवढंच आहे. त्या पाण्यात काय विरघळलेलं आहे, याची चौकशी कोणी करत नाही.

ते काय असतं, हे श्रावणात शेतावर गेलं की दिसतं. रोवणी होऊन पऱ्हे तरारलेले असतात. आभाळ भरून आलेलं, आणि पाऊस कोसळायच्या आत युरिया टाकून मोकळं व्हायची घाई. पांढरे दाणे मुठीने फेकले जातात. रात्री जोराचा पाऊस होतो, बांधी फुटू नये म्हणून पहाटे मुही, म्हणजे धुऱ्यातलं पाणी काढायचं तोंड, उघडावी लागते. पाणी खळाळत नाल्यात. पलीकडे टमाटरच्या वाडीतला फवारणीचा पंप त्याच नाल्यावर धुतला जातो आणि दुधी फेसाचा पट्टा दगडांना धरून हळूहळू खाली सरकतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. भरल्या बांधीत धानाच्या वाट्याला त्यातलं जेमतेम एक तृतीयांश ते चाळीस टक्के येतं. उरलेलं काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर जातं, काही मातीत मुरून विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट होऊन उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की सगळ्यात आधी धोका तान्ह्या बाळांना.

यावर शहरातला माणूस चटकन म्हणतो की ज्याने घाण केली त्याने भरावं. कारखान्याला आपण हाच नियम लावतो, मग शेतकऱ्याला उलट पैसे का द्यायचे? मीही या प्रश्नाशी बराच काळ अडून बसलो होतो. पण कारखाना आपला खर्च मालाच्या किमतीत घालू शकतो. शेतकऱ्याच्या हातात किंमत नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे आणि फरक सरकारी तिजोरी भरते. दुसऱ्या बाजूने धान क्विंटलला ३१०० रुपयांनी, एकरी २१ क्विंटलपर्यंत घेतलं जातं. खत स्वस्त, भाव चांगला, मर्यादा एकवीसची. मग कोण हात आखडेल? ही रचना आपण सगळ्यांनी मिळून केली आहे, आणि तिचा फायदा माझ्यापर्यंतही पोहोचला आहे. धानाचा भाव वाढला तसा गावात रेगह्याचा दरही चढला, माझाही चढला. एकवीस क्विंटलचा तगादा कसणाऱ्यावर सरकारइतकाच माझाही आहे.

आता गाठ आहे ती मुदतीची. या योजनेचा हिशेब तीन वर्षांचा आहे आणि कित्येक वर्षं दर हेक्टरी ५०,००० रुपये असा होता. तीन वर्षं यासाठी, की रासायनिक खत बंद केल्यावर पहिल्या एक-दोन हंगामांत उत्पन्न घटतं, माती सावरायला वेळ लागतो. माझा रेगहा मात्र वर्षाचा, आणि तोही तोंडी. पुढच्या अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जमीन आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने घुरव्यात, म्हणजे खताच्या खड्ड्यात, खत का कुजवावं? नाल्याच्या कडेने गवताचा पट्टा का सोडावा? घट तो सोसणार, सुधारलेली माती माझी, अनुदान माझ्या खात्यात. लेखी पट्टा केला तर जमिनीवर हक्क सांगितला जाईल ही मालकांची भीती जुनी आहे, आणि १९५९ च्या भू-राजस्व संहितेपासून कायद्यानेही पट्ट्यांवर मर्यादा घातल्या आहेत. ती भीती माझ्याही मनात आहे. पण भीती खरी असली तरी तिची किंमत दुसऱ्याने चुकवावी हे न्यायाचं नाही.

सरकारचा शब्दही टिकत नाही, असं गावकरी म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे पुरावा असतो. २० जुलै २०२० ला, हरेलीच्या सणाला, गोधन न्याय योजनेत दोन रुपये किलोने शेण घेणं सुरू झालं. गौठाणांत, म्हणजे गावच्या गुरांच्या तळांत, बायकांच्या गटांनी गांडूळखत केलं. सरकार बदललं आणि खरेदी थांबली. सगळं वरून ठरण्याऐवजी शेतकऱ्यांनीच ठरवण्याची वेगळी रीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१६ पासून आहे. एकाच पाणलोटातल्या किमान पाच शेतकऱ्यांनी एकत्र यायचं, काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, आणि गटाला वर्षाला ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान. मला यातली रक्कम नाही, पाणलोट महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गट कागदावरच्या नावांचा बांधला जातो. तो एका नाल्याला लागून असलेल्या, प्रत्यक्ष चिखलात उभ्या राहणाऱ्यांचा बांधला पाहिजे.

मी सही करणार आहे, पण गावच्या चार माणसांसमोर काही गोष्टी बोलून. तीन वर्षं जमीन कसणाऱ्याकडेच राहील. नाल्यालगतच्या पट्ट्याचा रेगहा घेणार नाही. खात्यात येणारं अनुदान बँकेतूनच त्याच्या खात्यात जाईल. आणि युरिया बंद केल्याने पहिल्या वर्षी धान घटलं, तर रेगहाही त्या प्रमाणात घटेल.

भिलाईत, दुर्गमध्ये, राजनांदगावात, तिकडे गोंदिया-भंडाऱ्यातही माझ्यासारखे पुष्कळ आहेत, ज्यांची शेती दुसरा कसतो. तुमच्याकडे असा अर्ज आला, तर सही करण्याआधी कसणाऱ्याला घरी बोलवा, अर्ज त्याच्यापुढे वाचा, आणि पैसे कोणाच्या हातात पोहोचणार हे त्याच बैठकीत ठरवून टाका.