उत्तर आधी दाखवू नकोस

पांडुरंगा, विटेवर दोन्ही पाय सारखे ठेवून तू उभा आहेस. समचरण म्हणतात तुला. आज तुझ्यापुढे बसलेय ती एका फार बारीक विषमतेचं मागणं घेऊन.

इलेक्ट्रॉनचा प्रभार त्याच्या मध्याभोवती अगदी सारखा आहे, की स्पिनच्या अक्षावर एका टोकाकडे जरासा सरकलाय? पुस्तकात याला विद्युत द्विध्रुव आघूर्ण म्हणतात, वर्गात आम्ही डायपोल मोमेंट म्हणतो. सरकलेला निघाला, तर काळ पुढे नेणं आणि मागे नेणं यांत निसर्ग फरक करतो असं ठरेल. आणि तो फरक आम्हाला हवा आहे, देवा. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखं होतं. दोघं एकमेकांना भिडून विरून गेली, अब्जात एखादा कण तेवढा उरला. त्या उरलेल्यातून चंद्रभागा झाली, तिचं वाळवंट झालं, हे जोडलेले हात झाले. असं उरायला निसर्गाच्या नियमांतच कुठेतरी असा पक्षपात हवा, हे भौतिकशास्त्रज्ञ सखारोव्ह यांनी 1967 मध्ये मांडलं. आजवर सापडलेला पक्षपात त्याला पुरत नाही.

म्हणून कोलोराडोतल्या बोल्डरला, जिला नावाच्या संस्थेत, एरिक कॉर्नेल आणि जुन ये यांच्या गटाने हाफ्नियम फ्लोराइडचे थंड आयन सापळ्यात धरले. त्या रेणूच्या पोटात इलेक्ट्रॉनला दर सेंटिमीटरला सुमारे 23 अब्ज व्होल्टचं क्षेत्र जाणवतं. आमच्या कुठल्याही यंत्राला ते झेपलं नसतं. एका जड केंद्रकाशेजारी तू ते आधीच भरून ठेवलं होतंस! तिथे इलेक्ट्रॉनचं स्पिन भोवऱ्यासारखं डोलतं. तीन सेकंदांच्या आसपास ते डोलू द्यायचं, वारंवारता टिपायची, मग रेणूची दिशा उलटी धरून पुन्हा टिपायची. उलट, सुलट, उलट, सुलट, असे सुमारे 620 तास.

आणि या साऱ्यात त्यांनी स्वतःचे डोळे बांधून घेतले होते. मोजलेल्या उत्तरात एक अज्ञात आकडा मिसळलेला होता. सगळ्या चुका शोधून होईपर्यंत खरं उत्तर त्यांनाही दिसणार नव्हतं. मग तो आकडा काढला. 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं, शून्यापासून वेगळं काही दिसलं नाही. प्रभार सरकला असलाच, तर 4.1 × 10⁻³⁰ सेंटिमीटरहून कमी, म्हणजे दशांश चिन्हापुढे 29 शून्यं लिहून मग चार. तेही 90 टक्के खात्रीने. एवढं करून शून्य, आणि ते त्यांनी शून्य म्हणूनच छापलं.

देवा, मी अकरावीत होते तेव्हा लोलकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचं माझं उत्तर 940 येत होतं. 980 यायला हवं, हे ठाऊक होतं. मी जर्नलमध्ये उत्तरावरून रीडिंग लिहिली. वीस दोलनांचे सेकंद, दशांशासकट, माझ्या निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेले. बाईंनी शाबासकी दिली. चाळीस वर्षं झाली, ते पान अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता मीच जर्नलं तपासते आणि त्यांत तसलीच स्वच्छ पानं येतात.

बोल्डरच्या त्या माणसांना सांभाळ. हेच मोजायला थोरियम ऑक्साइडवर काम करणारे, लंडनला यटर्बियम फ्लोराइड लेझरने थंड करणारे, सगळ्यांना. त्यांना विषमता दिसावी असं मला मनापासून वाटतं, पण ती असेल तरच दिसू दे. माझी इच्छा आणि त्यांची इच्छा त्या आकड्याला शिवू देऊ नकोस.

प्रयोगशाळेत नव्या स्प्रिंगा आल्यात, बिनलेबलाच्या. त्यांचा स्थिरांक मलाही माहीत नाही. उद्या पहिल्या तासाला त्या मुलांच्या हातात देणार आहे. त्यांचे आकडे जसे येतील तसे मला घेता येऊ देत.