हेतूवांचून घडलेलें कर्म

खेळांतील चुकीचा विचार नीतिशास्त्राच्या चर्चेंत कशाला, असें कोणी विचारील. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारची हकीकत ज्यांस ठाऊक आहे, ते मात्र असें विचारणार नाहींत.

एस्कोबार हा फुटबॉलच्या बचावफळींतील गडी. या जागेचें काम मोठें विलक्षण! परतविलेले शंभर चेंडू कोणी मोजीत नाहीं. न परतलेला एक मात्र फलकावर चढतो. मेडेलिन शहरीं १९६७ सालीं जन्मलेल्या या तरुणानें १९८९ सालीं अ‍ॅटलेटिको नॅसिओनाल संघाबरोबर दक्षिण अमेरिकेंतील क्लबांचा सर्वोच्च चषक जिंकला होता. पुढें २२ जून १९९४ रोजीं, विश्वचषकाच्या सामन्यांत, कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथें अमेरिकेच्या गड्यानें बाजूनें मारलेला चेंडू अडविण्यासाठीं त्यानें घसरत पाय पुढें टाकला, आणि चेंडू त्या पायाला लागून त्याच्याच संघाच्या गोलांत गेला. कोलंबिया २-१ अशी हरली. (पहिल्या सामन्यांत रुमानियानें तिला ३-१ असें हरविलें होतें, हें लोक सोयीनें विसरतात.) दहा दिवसांनीं, २ जुलैच्या पहांटे, मेडेलिनमध्यें गोळ्या घालून त्याचा खून झाला. वय अवघें २७.

मारेकऱ्याच्या पापाविषयीं वाद नाहीं. आम्हांस अस्वस्थ करतो तो त्याआधींचा दोषारोप. तोच पाय, तीच धडपड. चेंडू चार बोटें बाहेर गेला असता तर त्याच प्रेक्षकांनीं टाळ्या पिटल्या असत्या. बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगल या तत्त्वज्ञांनीं १९७६ सालीं हा प्रश्न ‘नैतिक दैव’ या नांवाखालीं चर्चिला. फलाशा सोडावी हें आपणांस तोंडपाठ असतें. परंतु दुसऱ्याचें कर्म तोलूं लागलों कीं आपण तराजूंत फळच टाकतों.

मग एस्कोबारला कांहींच वाटावयास नको होतें काय? तसें आम्हीं म्हणणार नाहीं. निष्काळजीपणा नसतांही ज्याच्या मोटारीखालीं मूल सांपडलें, तो चालक निर्विकारपणें घरीं गेला तर आपणांस त्याची शिसारी येईल. तथापि त्याची हळहळ ही त्याची स्वतःची. तिच्या आधारें त्याला गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार आपणांस मिळत नाहीं. एस्कोबार पराभवानंतर मायदेशीं परतला, वृत्तपत्रांत स्वतःच्या नांवानें लेख लिहिला, आपल्याच शहरांत उघडपणें वावरला. आपला वांटा त्यानें उचलला होता.

त्याच्या अंत्यदर्शनास लाखाहून अधिक लोक लोटले. दहा दिवसांपूर्वीं त्याच्यावर दांत खाणारेही त्यांत असतीलच.